आत्याचा ब्लोअर आणि साहेबांचे मासे

आमच्या आत्याला राग यायला कारण लागत नाही, असं घरात म्हणतात. साफ खोटं आहे. कारण लागतं, आणि ते रोज सकाळी सात वाजता कारखान्याच्या मागच्या फाटकापाशी तिची वाट बघत उभं असतं. आत पाय टाकायच्या आधी ती थांबते, मान जरा तिरकी करते आणि ऐकते. आत घरघर चालू असेल तर ती निमूट आत जाते. घरघर नसेल तरी आत जातेच, पण मग पहारेकरी आपली खुर्ची उचलून लांब भिंतीकडे नेऊन ठेवतो.

ती घरघर ब्लोअरची. आमचा कारखाना कापड रंगवण्याचा. कापड रंगून बाहेर पडतं आणि मागे उरतं पाणी. गरम, खारट, आज जांभळं तर उद्या काळं. ते तसंच मागच्या ओढ्यात सोडायचं नाही असा कायदा आहे, म्हणून ते आधी आत्याकडे येतं. तिच्या ताब्यात चार टाक्या. पहिल्या दोन टाक्यांत चुना आणि तुरटी घालून रंग तळाशी बसवतात. खरं काम तिसरीत. ती शाळेच्या पटांगणाएवढी आहे आणि तिच्यात राहतात जिवाणू, मोजता येणार नाहीत इतके. ते पाण्यातली घाण खाऊन टाकतात. पण खाणाऱ्याला श्वासही लागतो, आणि तो त्यांना तळातून पुरवतो हा ब्लोअर, म्हणजे हवा मारणारं यंत्र. ब्लोअर चार तास बंद राहिला की जिवाणू गुदमरतात. दोन दिवस बंद राहिला की मेलेच समजा. चौथ्या टाकीत मग नुसतं वाट बघायची, गाळ खाली बसतो आणि वरचं पाणी ओढ्यात जातं.

कामगार त्या जिवाणूंना किडे म्हणतात. आत्या 'माझी माणसं' म्हणते. सुट्टीच्या दिवशी रंगाचं पाणी येत नाही, उपाशी राहतील बिचारी, म्हणून ती त्यांना साखर कारखान्यातली मळी पाजून येते. मला टायफॉइड झाला होता तेव्हा तिनं एक दिवस रजा घेतली होती. तिसरी टाकी आजारी पडली तेव्हा आठवडाभर घरी आली नव्हती. मी ते मनाला लावून घेतलेलं नाही.

बावीस वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला आणि ती आमच्या घरी राहायला आली. शिक्षण सातवी. काम मिळालं टाकीच्या कडेचा गाळ खरवडण्याचं. तेव्हा तिथे एक म्हातारे केमिस्ट होते. त्यांनी पाहिलं की ही बाई गाळ खरवडता खरवडता त्याचा वास घेते आणि मग तोंड वाकडं करते किंवा करत नाही. त्यांनी तिला जवळ बोलावलं आणि काचेच्या बरणीत टाकीतलं पाणी भरून अर्धा तास स्थिर ठेवायला शिकवलं. गाळ घट्ट खाली बसला, वरचं पाणी नितळ राहिलं आणि कुंडीतल्या मातीसारखा वास आला, तर टाकी ठणठणीत. म्हातारे निवृत्त झाले ते बरणी तिच्या हातात देऊन. त्यांच्या जागी नवा केमिस्ट नेमायचं कुणाला सुचलं नाही, कारण काम होत होतं आणि पगार सातवीचाच द्यावा लागत होता.

मला या कारखान्यात तिनंच चिकटवलं. मी वरच्या मजल्यावर, कार्यालयात, कच्चा. कच्चा म्हणजे कायम न केलेला. गावातल्याच कॉलेजातून पदवी घेतलेली, निबंधात पहिला, एवढ्या भांडवलावर माझ्याकडे कंपनीचा वार्षिक पर्यावरण अहवाल लिहायचं काम आलं. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर एक हिरवंगार पान, पानावर थेंब. ते पान आमच्या आवारातलं नव्हतं. आमच्या आवारातल्या पानांवर जे असतं ते कुणी छापत नाही.

आत्या मला 'पंडित' म्हणते. अहवाल आला की विचारते, "पंडित, यंदा आम्ही किती चांगले?"

"गेल्या वर्षीपेक्षा बारा टक्के," मी सांगतो.

"अगं बाई! मला कळलंच नाही."

चार वर्षांपूर्वी नवे मॅनेजर आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी फाटक हिरवं रंगवलं. मग कचऱ्याचे डबे, मग पाइप, मग तिसऱ्या टाकीचा कठडा. तेव्हापासून सगळे त्यांना हिरवेसाहेब म्हणतात, अर्थात पाठीमागे. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी तीनपैकी दोन ब्लोअर बंद करायला लावले.

आत्या तडक वर गेली. मी माझ्या टेबलापाशी बसून ऐकत होतो. खरं तर अख्खा मजला ऐकत होता.

"बाई, वीज वाचवणं म्हणजे पृथ्वी वाचवणं," हिरवेसाहेब म्हणाले.

"मग तुमच्या डोक्यावरचं हे गार यंत्र बंद करा की. पृथ्वीला तेवढंच बरं वाटेल."

"बाई, मर्यादेत."

"माझी माणसं मरतील साहेब."

"कोण माणसं?" साहेब दचकले. त्यांना वाटलं अपघात झाला. जिवाणूंबद्दल चाललंय हे कळल्यावर ते इतके हसले की त्यांना पाणी प्यावं लागलं. ते पाणी अर्थात बाटलीतलं होतं.

पुढे रविवारी तिसराही बंद. मग जेवणाच्या सुट्टीनंतरही बंद. वीज गेली की जनरेटर सुरू व्हायचा, त्यावर रंगाची यंत्रं चालायची, कार्यालयाचा गारवा चालायचा, ब्लोअर मात्र त्या तारेवर जोडलेलाच नव्हता. नोंदवहीत 'चोवीस तास चालू' असं लिहायला आत्यानं नकार दिला, तेव्हा ते लिहायला वरून एक कारकून येऊ लागला. तो बिचारा महिन्याभराचं एकदम लिहून जायचा, पुढच्या दहा दिवसांचंही. आत्यानं मग स्वतःची वही घातली. माझीच जुनी, अर्धी कोरी राहिलेली, भूगोलाची. ब्लोअर बंद केव्हा झाला, चालू केव्हा झाला आणि त्याच्या विजेच्या मीटरचा आकडा. रोज.

तुम्ही म्हणाल, तपासणीला कुणी येत नव्हतं का? येत होते ना. तपासनीस यायचे, आधी फोन करून यायचे. त्या दिवशी तिन्ही ब्लोअर असे घुमायचे की कठड्यावरचा हिरवा रंग थरथरायचा. खालच्या वस्तीतले लोकही आले होते एकदा, बादलीत ओढ्याचं पाणी घेऊन. जांभळं होतं. पुढच्या हंगामात शहरात कोणत्या रंगाचे शर्ट खपणार हे त्या वस्तीला दुकानदारांच्या आधी कळतं. एका बाईनं हात दाखवले, कोपरापर्यंत फोड. कंपनीनं लगेच माणुसकी दाखवली आणि वस्तीला पिण्याच्या पाण्याची टाकी भेट दिली. हिरवी. मी अहवालात तिचा फोटो छापला, अर्धं पान. फोड आलेली बाई फोटोत मागे कुठेतरी असेल.

कायदा होता, लोक होते, आत्याचा घसा होता. एवढं सगळं मिळून एक बटण दाबलं जात नव्हतं.

आणि मग मासे आले.

कुणा सल्लागारानं साहेबांच्या डोक्यात भरवलं की आपल्या शुद्ध केलेल्या पाण्यावर काचेची टाकी ठेवा, त्यात मासे सोडा, पाहुण्यांना याहून मोठा पुरावा लागत नाही. चौथ्या टाकीशेजारी छप्पर घातलं, तिथे काचेची टाकी आली, सहा केशरी मासे आले, वर पाटी: 'आमच्या पाण्यात जीवन आहे.' पाटीची ओळ माझी. सांगायला लाज वाटते, पण तेव्हा मला ती आवडली होती.

मासे चौथ्या दिवशी मेले. अर्धा दिवस हवा मिळणाऱ्या तिसऱ्या टाकीतून दुसरं काय बाहेर पडणार होतं? हिरवेसाहेबांनी यावर विचार केला. एखाद्याला वाटलं असतं, आता तरी ब्लोअर सुरू करतील. साहेबांनी नळवाल्या काकांना बोलावलं आणि काचेच्या टाकीचा पाइप तोडून गच्चीवरच्या नळाच्या पाण्याला जोडला. नवे सहा मासे आले आणि तीन वर्षं सुखानं जगले. पाहुणे यायचे, वाकून बघायचे, 'वा' म्हणायचे. आत्या त्या छपराला वळसा घालून जायची. म्हणायची, "माशांशी माझं वैर नाही. पण त्यांना खोटी साक्ष द्यायला लावलीय, म्हणून तोंड बघवत नाही."

यंदा शहरातल्या एका मोठ्या कपड्यांच्या दुकानसाखळीकडून बाई तपासायला येणार होत्या. त्यांचं काम म्हणजे आमच्या कारखान्याचं निम्मं वर्ष. साहेबांना घाम फुटला होता. आदल्या दिवशी झाडांची पानं पुसली, म्हणजे खरोखर ओल्या फडक्यानं पुसली. आणि साहेब नळवाल्या काकांना म्हणाले, "गच्चीवरची टाकी स्वच्छ करा. बाई हात धुतील, पाणी पितील, कुठेही वास यायला नको."

नळवाले काका कामाचे पक्के. त्यांनी टाकी घासली, पुन्हा भरली आणि तिच्यात ब्लीचिंग पावडरची अख्खी पिशवी रिकामी केली. एरवी चार मुठी पुरतात. पण पाहुणे मोठे होते, म्हणून काकांनी हात मोठा केला. गच्चीवरच्या त्याच टाकीचा एक पाइप माशांकडे जातो हे त्यांना आठवलं नाही. तीन वर्षांपूर्वी तो त्यांनीच जोडला होता.

पाहुणीबाई साधारण पस्तिशीच्या, जाड तळव्याचे बूट, हातात छोटी वही. त्यांना घेऊन सगळी वरात मागे आली. पुढे साहेब, मागे आम्ही चार-पाच जण, मी अहवालाच्या प्रती कवटाळून. तिन्ही ब्लोअर गर्जत होते. साहेब छपराखाली शिरले, पाठ टाकीकडे, तोंड बाईंकडे, हात पसरलेले.

"आणि हा आमचा सगळ्यात मोठा साक्षीदार!"

बाई त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघत होत्या. सहाच्या सहा मासे पोटं वर करून तरंगत होते. एकाची शेपटी अजून जराशी हलत होती, नाही असं नाही.

"हे शुद्ध केलेलं पाणी आहे?" बाईंनी विचारलं.

इथे मला पहिल्यांदाच साहेबांची दया आली, साधारण दोन सेकंद. हो म्हणावं तर आपलं पाणी विषारी. नाही म्हणावं तर टाकी खोटी. त्यांनी डोळे मिटले, उघडले, आणि तिसरा रस्ता शोधला. तो रस्ता पलीकडे कठड्यापाशी बरणी धरून उभा होता.

"हे ऑपरेटरबाईंचं काम आहे," साहेब म्हणाले. "शेवटच्या टप्प्यात औषध जास्त पडलेलं दिसतंय. निष्काळजीपणा. उद्या सकाळी तुम्हाला त्यांचा लेखी खुलासा मिळेल."

आत्या पुढे आली. तिनं काचेच्या टाकीत बोट बुडवलं, नाकाशी नेलं, आणि नळवाल्या काकांकडे बघितलं. काका जमिनीकडे बघत होते. मी तिला इतकं गप्प कधी पाहिलं नव्हतं, आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं.

दुपारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली. चार वर्षांत पहिल्यांदा.

"तुझी भाषा चांगली आहे. तुझ्या आत्याच्या नावानं चार ओळी लिही. औषधाचं प्रमाण चुकलं, माशांच्या मृत्यूला मी जबाबदार आहे, पुन्हा असं होणार नाही. तिची सही घेऊन ये. सही झाली तर निवृत्तीपर्यंतची चार वर्षं ती इथेच काढेल. नाही झाली तर..." ते हसले. "आणि तुझं कायम व्हायचं राहिलंय ना?"

मी लिहिलं.

इथे मी काही सबबी सांगू शकतो. घर फक्त माझ्या आणि तिच्या पगारावर चालतं, बाबांच्या शिवणयंत्राला आता गिऱ्हाईक नाही, वगैरे. पण खरं सांगायचं तर मी ते लिहिलं आणि लिहिताना एक वाक्य बदललंही, कारण पहिलं नीट जमलं नव्हतं. स्वतःवर थुंकावंसं वाटतं ते त्या बदललेल्या वाक्यासाठी.

संध्याकाळी आत्या अंगणातल्या दगडावर बसून पाय धूत होती. तिच्या घोट्यांवर कायम एक निळसर कडा असते, ती जात नाही, तरी ती रोज घासते. मी कागद पुढे केला. तिनं ओल्या हातानं घेतला नाही, आधी हात पुसले. मग वाचला. सावकाश, ओठ हलवत.

"अक्षर छान आहे रे," ती म्हणाली. "पहिलीपासून छान आहे. मीच गिरवून घेतलं होतं."

"आत्या, ऐक ना..."

"'माझ्या हातून अक्षम्य चूक घडली.' अक्षम्य! केवढा मोठा शब्द शिकलास. मी शिकवला नव्हता हा."

बाबा दारात येऊन उभे राहिले. बाबा तिच्याहून धाकटे, आयुष्यभर लोकांची मापं घेऊन घेऊन जरा वाकलेले. "ताई, सही करून टाक. माशांचं काय एवढं? फाशी का देणारेत?"

"माशांचं?" आता आवाज चढला. शेजारची खिडकी उघडली, नेहमीप्रमाणे. "माशांचं मी बघून घेईन. बावीस वर्षं मी त्या टाकीपाशी उभी आहे. हवा बंद करता, करा. खोटं लिहिता, लिहा. वस्तीतल्या बायांच्या हाताची कातडी सोलून निघते, आणि हा त्याचं पुस्तक काढतो गुळगुळीत कागदावर! ते सगळं मी पोटात घातलं, का, तर टाकी सोडून गेले तर तिला कुणी नाही. आणि आता म्हणे मीच विष घातलं. मी! ज्या पाण्यानं मेले ते माझं पाणीच नव्हे!"

"हळू बोल ताई."

"हळूच बोलत आले! फाटकाच्या आत ओरडले, फाटकाच्या बाहेर कधी चकार शब्द काढला नाही. चुकलं ते तेवढंच. अक्षम्य!"

तो शब्द तिनं माझ्या अंगावर असा फेकला की मी खरोखर एक पाऊल मागे सरलो. कागदाची घडी घालून तिनं भूगोलाच्या वहीत ठेवली. त्या दिवशी ती माझ्याशी पुन्हा बोलली नाही. माझं ताट मात्र तिनंच वाढलं, आणि आदळलं.

सकाळी केबिनमध्ये पाहुणीबाई, हिरवेसाहेब, मी. आत्या आली ती एका हातात वही आणि दुसऱ्या हातात बरणी घेऊन. बरणीत तिसऱ्या टाकीतलं पाणी होतं, काळपट, गाळ वर तरंगणारा. झाकण तिनं साहेबांच्या टेबलावरच उघडलं. सडक्या अंड्यांचा वास गार हवेत मस्त पसरला.

"खुलासा आणलाय," ती म्हणाली. "पंडितनं लिहिलाय, भाषा चांगली आहे, सही मात्र होणार नाही. मासे नळाच्या पाण्यानं मेले, बाई. त्यात ब्लीचिंग पावडर होती. ती काचेची टाकी माझ्या पाण्याला जोडलेली नाही. जोडलेली असती तर हे मासे काल मेले नसते."

साहेबांच्या चेहऱ्यावर क्षणभर आशा आली.

"तीन वर्षांपूर्वीच मेले असते. पहिले सहा मेलेच होते."

"बाई, तुम्ही बाहेर जा!" साहेब उभे राहिले.

"बसा," पाहुणीबाई म्हणाल्या. आवाज अजिबात चढवला नाही, पण साहेब बसले. बाईंनी भूगोलाची वही उघडली. पहिल्या पानावर मी चौथीत काढलेला ज्वालामुखी होता. तो त्यांनी उलटला आणि पुढची तीन वर्षं वाचू लागल्या. मग त्या खाली गेल्या, ब्लोअरच्या मीटरवरचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी वाचला, वहीतल्या कालच्या आकड्याशी लावून बघितला, आणि कारकुनाच्या 'चोवीस तास चालू'शीही. मला त्यांनी एकच विचारलं, "हा कागद तुम्ही लिहिलात?"

"हो," मी म्हणालो. "आणि पाटीही. आणि अहवालही. सगळं खोटं आहे, पण माझंच आहे." त्या वाक्याची मला कायम होण्यापुरती किंमत पडली. स्वस्तात सुटलो म्हणायचं.

जाताना त्या आत्यापाशी थांबल्या. आत्यानं सरळ विचारलं, "तुमच्या मालकांना ओढ्याची एवढी काळजी कशी काय?"

"त्यांना ओढा माहीतही नाही," बाई म्हणाल्या. "गेल्या वर्षी आमच्यासारख्याच एका दुकानाच्या दारात कॉलेजच्या पोरी रंगीत पाण्याच्या बाटल्या घेऊन बसल्या. फोटो सगळीकडे गेला, गिऱ्हाईक तुटलं. तेव्हापासून आमचे मालक घाबरलेत."

"म्हणजे भीतीच."

"भीतीच."

"मला वाटायचं, कधीतरी लाज वाटेल," आत्या म्हणाली. बाईंनी आपली छोटी वही मिटली. धीर द्यायला म्हणूनही त्या खोटं बोलल्या नाहीत, एवढं त्यांचं मानायला हवं.

आठ दिवसांत पत्र आलं. तिन्ही ब्लोअर अखंड चालले पाहिजेत, मीटरचे आकडे दर आठवड्याला थेट बाईंकडे गेले पाहिजेत, दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी, आणि तोवर नवीन काम बंद. झालं! आत्याचा चार वर्षांचा घसा, कायदा, बादलीभर जांभळं पाणी यांना जे जमलं नाही ते एका पानानं केलं. हिरवेसाहेब स्वतः खाली गेले आणि स्वतःच्या हातानं बटण दाबलं. आत्या बघत होती. मला वाटलं तिला बरं वाटेल. तिनं रागानं एक बोट माझ्यासमोर धरलं.

"एवढंच होतं बघ," ती म्हणाली. "बोट लावायचं होतं. बोट!"

पण बटण दाबून मेलेले जिवाणू उठून बसत नाहीत. टाकी मेली होती. साहेबांनी बाहेरून तज्ज्ञ आणले. त्यांनी पाकिटातली पावडर आणून ओतली, ती पाण्यावर दोन दिवस फेसाळली आणि संपली. तीन आठवडे वाया गेले. मग साहेब आत्याकडे आले. खाली, टाकीपाशी, पॉलिश केलेल्या बुटांनी.

"बाई, तुम्हालाच जमेल हे."

"जमेल," आत्या म्हणाली. "आधी एक कागद हवा. मासे नळाच्या पाण्यानं मेले, टाकी खोटी होती, असा. पंडितच्या अक्षरात नको. तुमच्या."

साहेबांनी लिहिला. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. आत्यानं तो आपल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. दार उघडलं की दिसतो, आणि ती दिवसातून बऱ्याचदा उघडते.

"आणि दुसरं," ती म्हणाली. "ती काचेची टाकी मला इथे नको. तुमच्या टेबलावर ठेवा. पाणी माझं. बुडबुड्यांची नळी माझ्या ब्लोअरच्या हवेवर."

"माझ्या टेबलावर?"

"मग आणखी कुणाच्या?"

तिनं शेजारच्या कारखान्याच्या चांगल्या टाकीतून पिंपं भरभरून जिवंत गाळ आणवला. मळी, हवा, थोडं थोडं रंगाचं पाणी. पाच आठवडे ती जवळजवळ तिथेच होती. बरणीतला गाळ खाली बसू लागला, वरचं पाणी नितळू लागलं. कुंडीतल्या मातीचा वास आला त्या दिवशी तिनं मला हाक मारली, "पंडित, हुंग." माझ्याशी ती धड बोलली ती तेव्हा. मग भिंतीला भोक पाडून पाइप वर नेला, केबिनमध्ये टेबलाच्या उजव्या अंगाला टाकी बसली, आणि सहा नवे मासे तिच्यात सोडले. पाटी नाही लावली. दुसरी तपासणी पार पडली, काम परत आलं. साहेबांना कुठल्याशा संस्थेनं हिरव्या काचेचं मानचिन्ह दिलं, ते त्यांनी माशांशेजारी ठेवलं आहे. आत्याला कुणी काही दिलं नाही. तिनंही विचारलं नाही.

गेल्या मंगळवारी भरदुपारी वीज गेली. मी आता खालीच असतो, आकडे पाठवायचं काम माझ्याकडे आहे, अहवालाचंही. जनरेटर धडधडला, रंगाची यंत्रं सुरू झाली, वरचा गारवा सुरू झाला. ब्लोअर गप्प. बाईंच्या त्या पत्रातही जनरेटरबद्दल एक अक्षर नव्हतं. आत्या घड्याळ बघत उभी राहिली. टाकीवरचे बुडबुडे विझले, पाणी सपाट झालं.

फोन वाजला. तिनं तो मलाही ऐकू येईल असा धरला.

"आत्याबाई," साहेबांचा आवाज. आता तेही तिला आत्याबाई म्हणतात. "अहो, बुडबुडे थांबलेत इकडे. मासे वर येऊन तोंडं उघडतायत."

"येणारच. हवा नाही."

"मग जनरेटर?"

"तो तुमच्या गारव्याला जोडलाय. माझ्या हवेला नाही. तुम्हीच म्हणाला होता, मर्यादेत."

पलीकडे खुर्ची सरकली. मग, "एक तर आडवा तरंगतोय हो."

"बघत बसा," आत्या म्हणाली आणि फोन ठेवला.

आम्ही उभे. वर खिडकीत साहेब येरझारा घालताना दिसत होते. टेबल, खिडकी, टेबल. मग वीजवाला जिन्यावरून धावत खाली आला, हातात तारा. वरच्या गारव्याची घरघर थांबली, आणि आमच्या पायाखाली ब्लोअर गुरगुरला. टाकीवर पहिला बुडबुडा फुटला, मग शंभर. वर साहेबांनी खिडकी उघडली. शर्टाची वरची दोन बटणं काढलेली होती.

"आत्या, जिंकलीस की गं!" मी म्हणालो.

"गप," ती म्हणाली. तिनं वही उघडली, पेन्सिल ओली केली आणि लिहिलं: दोन वाजून दहा, बंद. दोन वाजून एकवीस, चालू.

"अकरा मिनिटं," ती म्हणाली. पेन्सिल इतकी दाबून धरली होती की टोक मोडलं. "माझी माणसं खाली दम कोंडून पडली होती, आणि हा अकरा मिनिटं विचार करत होता, की गारवा सोडू का नको. छाप, पंडित. यंदाच्या पुस्तकात हे पहिल्या पानावर छाप. त्या हिरव्या पानाच्या जागी."